कयाकचा तळ आणि स्थैर्याची संकल्पना : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विज्ञानाचा इतिहास बहुधा ग्रंथांच्या आधारे लिहिला जातो. ज्या समाजांनी आपले विचार लिहून ठेवले त्यांचे ज्ञान ‘शास्त्र’ या सदरात जमा होते. ज्यांनी वस्तू घडविल्या, परंतु त्यामागील विचार कागदावर उतरविला नाही, त्यांचे ज्ञान मात्र ‘कौशल्य’ किंवा ‘परंपरा’ म्हणून बाजूला ठेवले जाते. ही विभागणी कितपत समर्थनीय आहे, हे तपासण्यासाठी नौकेचे स्थैर्य हा विषय विशेष उपयुक्त आहे. येथे लिखित सिद्धान्त आणि अलिखित व्यवहार या दोहोंची परीक्षा एकच समुद्र घेतो आणि परीक्षेत चूक झाल्यास माणसे बुडतात.

ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का आणि अल्यूशन बेटे या प्रदेशांतील इन्युइट, युपिक व उनांगन लोकांनी घडविलेली कयाक ही जगातील अत्यंत अरुंद समुद्री नौकांपैकी एक होय. नवख्या माणसास तीत क्षणभरही तोल सांभाळता येत नाही. तथापि याच नौकेतून उत्तरेकडील शिकाऱ्यांनी शतकानुशतके बर्फाळ समुद्रात सीलची शिकार केली. जी नौका स्थिर पाण्यात अस्थिर भासते ती खवळलेल्या समुद्रात विश्वासार्ह कशी ठरते? हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना युरोपातील नौकास्थैर्यशास्त्राचा विकास आणि कयाकची रचना यांचा तौलनिक विचार येथे केला आहे.

युरोपातील स्थैर्यविचार : आर्किमिडीज ते अॅटवुड

तरंगणाऱ्या वस्तूवर मुख्यतः दोन बले कार्य करतात. वस्तूचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते, तर पाण्याचे उत्प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर लोटते. नौका सरळ असताना ही दोन्ही बले एकाच उभ्या रेषेत असतात. नौका कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, त्याचा मध्य कललेल्या बाजूस सरकतो आणि दोन रेषांमध्ये अंतर पडते. हे अंतर नौकेस सरळ करणाऱ्या दिशेने असेल तर ती सावरते. विरुद्ध दिशेने असेल तर ती उलटते. या अंतरास आपण ‘सावरणारी भुजा’ म्हणू.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने तरंगणाऱ्या वस्तूंवरील आपल्या ग्रंथात विशिष्ट भौमितिक आकारांच्या स्थैर्याचा विचार केला होता. परंतु त्या गणिताचा जहाजबांधणीशी संबंध जोडला जाण्यास सुमारे दोन हजार वर्षे लागली. मधल्या काळात युरोपातील जहाजे अनुभवाच्या बळावरच बांधली जात. या पद्धतीची मर्यादा १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोममध्ये स्पष्ट झाली. स्वीडनची ६४ तोफांची युद्धनौका ‘व्हासा’ पहिल्याच सफरीवर निघून जेमतेम १,३०० मीटर अंतर गेल्यावर वाऱ्याच्या झोताने कलली, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले आणि ती बुडाली. सुमारे ३० माणसे मरण पावली. विशेष म्हणजे, निघण्यापूर्वी ३० खलाशांना डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावावयास लावून तिची चाचणी घेण्यात आली होती. जहाज इतके डोलू लागले की ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. तरीही जहाज निघाले. पुढील चौकशीत कोणासही दोषी ठरविण्यात आले नाही.

या प्रश्नाचे पहिले व्यवहारोपयोगी गणिती उत्तर फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगे याने १७४६ साली प्रसिद्ध केलेल्या जहाजावरील ग्रंथात दिले. पृथ्वीच्या आकाराचे मापन करण्यासाठी १७३५ मध्ये दक्षिण अमेरिकेत गेलेल्या मोहिमेचा तो सदस्य होता आणि या ग्रंथाचे बरेचसे लेखन त्याने अँडीज पर्वताच्या प्रदेशातील वास्तव्यात केले. नौका किंचित कलली असता उत्प्लावक बलाची नवी रेषा नौकेच्या मध्यरेषेस ज्या बिंदूत छेदते, त्यास त्याने ‘मेटासेंटर’ असे नाव दिले. हा बिंदू गुरुत्वमध्याच्या वर असेल तर नौका स्थिर, खाली असेल तर अस्थिर. लेओनार्ड ऑयलरनेही स्वतंत्रपणे याच प्रश्नाचा विचार करून १७४९ साली सेंट पीटर्सबर्ग येथे आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

या सिद्धान्तातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. मेटासेंटरची उंची नौकेच्या जलरेषेवरील रुंदीच्या घनावर अवलंबून असते. लांबी व वजन तेच ठेवून रुंदी १० टक्क्यांनी वाढविली, तर हा परिणाम सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. ५० सेंटिमीटरऐवजी ६० सेंटिमीटर रुंदी घेतली, तर वाढ ७३ टक्क्यांच्या आसपास जाते. साहजिकच ‘रुंद नौका म्हणजे स्थिर नौका’ असा सोपा निष्कर्ष रूढ झाला.

परंतु बूगेचा नियम अगदी लहान कोनांपुरताच खरा आहे. समुद्रावरील जहाज २०, ३०, ४० अंशांपर्यंतही कलते. इतक्या कोनात बुडालेल्या भागाचा आकार पूर्णपणे बदललेला असतो आणि मेटासेंटरचा हिशेब अपुरा पडतो. ही उणीव इंग्रज गणितज्ञ जॉर्ज अॅटवुड याने १७९८ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात दाखवून दिली आणि मोठ्या कोनांतील स्थैर्य मोजण्याची रीतही सांगितली. मात्र ते आकडेमोडीचे काम अतिशय कष्टाचे होते. गोदीतील व्यवहारात त्याचा उपयोग जवळजवळ कोणी केला नाही.

‘कॅप्टन’चा धडा

या दुर्लक्षाची किंमत १८७० साली मोजावी लागली. ब्रिटिश नौदलातील अधिकारी काउपर कोल्स याने फिरत्या बुरुजांवर तोफा बसविलेल्या युद्धनौकेची कल्पना मांडली होती. तोफांना मोकळा मारा करता यावा म्हणून तिची बाजू पाण्यावर अतिशय कमी उंचीची असावी, असा त्याचा आग्रह होता. त्याच वेळी तीवर उंच डोलकाठ्या व शिडांचा मोठा पसाराही ठेवण्यात आला. नौदलाचा मुख्य रचनाकार एडवर्ड रीड याने या रचनेस विरोध केला. परंतु वृत्तपत्रे व संसद यांचा पाठिंबा कोल्सला होता. ‘कॅप्टन’ या नावाचे हे जहाज बांधून झाले तेव्हा ते अपेक्षेहून जड भरले. आराखड्यानुसार पाण्यावर ८ फूट राहावयाची बाजू प्रत्यक्षात साडेसहा फुटांच्या आसपास राहिली.

६ सप्टेंबर १८७० च्या मध्यरात्रीनंतर स्पेनमधील फिनिस्टेर भूशिरानजीकच्या वादळात ‘कॅप्टन’ उलटले. ४७० हून अधिक माणसे बुडाली. वाचली ती केवळ १८. मृतांमध्ये स्वतः कोल्सही होता. त्याच ताफ्यात, त्याच वादळात असलेली ‘मोनार्क’ ही दुसरी बुरुजधारी युद्धनौका मात्र सुखरूप राहिली.

या दोन जहाजांची तुलना नौकाशास्त्राच्या इतिहासात निर्णायक ठरली. सरळ स्थितीतील मेटासेंटरचा हिशेब केला, तर दोन्ही जहाजांचे स्थैर्य जवळजवळ सारखेच होते. फरक पुढे पडत होता. ‘कॅप्टन’ची सावरणारी भुजा सुमारे २१ अंशांपर्यंत वाढून नंतर घटू लागे आणि ५४ अंशांच्या आसपास शून्य होई, ‘मोनार्क’ची भुजा ४० अंशांपर्यंत वाढत राही. ‘मोनार्क’ची बाजू उंच असल्याने कलताना नवा भाग पाण्यात जाऊन आधार देई, ‘कॅप्टन’चे डेकच लवकर पाण्याखाली जाऊन तो आधार संपे. म्हणजेच नौका सुरुवातीस किती ताठ उभी राहते आणि कलल्यावर किती काळ झुंज देते, हे दोन भिन्न गुण आहेत. आज त्यांस अनुक्रमे प्रारंभिक स्थैर्य व अंतिम स्थैर्य असे म्हणता येईल. अॅटवुडचा निबंध ७२ वर्षे उपलब्ध होता. तरीही हा भेद जहाजबांधणीत सर्वमान्य होण्यास इतके बळी जावे लागले.

कयाकची रचना आणि आकारांतील विविधता

आता याच भेदाच्या प्रकाशात कयाककडे पाहू. ग्रीनलंडमधील डिस्को उपसागरात सक्काक संस्कृतीच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्थळी कयाकसदृश नौकेच्या लाकडी सांगाड्याचे तुकडे सापडले आहेत. आजच्या इन्युइटांचे थूले संस्कृतीचे पूर्वज त्या प्रदेशात बऱ्याच नंतर आले. त्यामुळे ही परंपरा अखंड होती असे म्हणता येत नाही. परंतु चामड्याच्या हलक्या नौकेची कल्पना तेथे फार प्राचीन आहे, हे निश्चित.

ग्रीनलंडमध्ये लाकूड मिळते ते मुख्यतः सायबेरियाच्या नद्यांतून समुद्रात वाहून आलेले. त्याचा सांगाडा पुरुष तयार करीत आणि सीलचे कातडे पाणी झिरपणार नाही अशा टाक्यांनी त्यावर शिवण्याचे अवघड काम स्त्रिया करीत. मापे शरीरावरून घेतली जात. एका प्रचलित रीतीनुसार लांबी म्हणजे बांधणाऱ्याच्या पसरलेल्या हातांच्या तीन वावा. रुंदी म्हणजे त्याच्या कमरेखालची बैठकीची रुंदी अधिक दोन मुठी. हा हिशेब केल्यास सुमारे ५ मीटर लांब आणि ५० सेंटिमीटरच्या आसपास रुंद अशी नौका तयार होते. पश्चिम ग्रीनलंडमधील ज्या कयाकांची मापे घेण्यात आली आहेत, त्या बहुतांशी अशाच आहेत.

हा आकार केवळ सामग्रीच्या टंचाईतून आला असे म्हणता आले असते. पण निरनिराळ्या प्रदेशांतील कयाकांची तुलना केली असता तो तर्क टिकत नाही. अमेरिकन नौकेतिहासकार हॉवर्ड शॅपेल याने काढलेले चामडी नौकांचे आराखडे १९६४ साली स्मिथसोनियन संस्थेच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. त्यांतून ही विविधता स्पष्ट दिसते. बॅफिन बेट व लॅब्राडोर येथील कयाक रुंद, जड व सपाट तळाच्या होत्या. बेरिंग समुद्रातील कयाक खोल व ऐसपैस होत्या. कॅनडाच्या अंतर्भागात नद्या-सरोवरे पोहून जाणाऱ्या कॅरिबू हरणांचा पाठलाग करण्यासाठी वापरली जाणारी कयाक अत्यंत अरुंद व वेगवान होती. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कयाकच्या तळास उथळ कोन, बाजूंना ठळक कडा आणि वर पसरत जाणाऱ्या भिंती होत्या. अल्यूशन बेटांवरील कयाकचा तळ अनेक पट्ट्यांनी जवळजवळ गोलाकार झालेला असे. पाणी, शिकार आणि शिकारीची पद्धत बदलली की तळाचा आकारही बदलत असे. या निवडीमागे पिढ्यानपिढ्यांचे निरीक्षण होते, असेच यावरून अनुमान निघते.

तळाचा आकार आणि लाट

सपाट व रुंद तळाची नौका पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहते. संथ पाण्यात हा पृष्ठभाग आडवा असल्याने ती अतिशय स्थिर वाटते. पण बाजूने लाट आली की पृष्ठभागच तिरपा होतो आणि अशी नौका त्या उताराबरोबर तिरपी होते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८६१ साली जहाजांच्या डोलण्यावरील निबंधात मोठ्या जहाजांच्या बाबतीत हेच दाखवून दिले. जहाज जितके ताठ, तितके ते लाटेच्या उताराशी काटकोन साधू पाहते आणि तितके जोराने डोलते. त्या काळच्या अनेक जाणकारांना हे विधान विपरीत वाटले होते.

अरुंद तळाच्या कयाकवर लाटेच्या उताराची पकड कमी असते. लाट तळाखालून निघून जाते आणि वल्हेकरी कमरेच्या हालचालीने स्वतःस उभा ठेवू शकतो. प्रारंभिक स्थैर्य कमी असणे हा येथे दोष नसून सोय आहे. मात्र कललेल्या स्थितीत आधार हवाच. ग्रीनलंडच्या कयाकमध्ये तो वर पसरणाऱ्या बाजूंमुळे मिळतो. नौका कलते तसा अधिक रुंद भाग पाण्यात जातो आणि सावरणारी भुजा वाढते. डेकही चामड्याने पूर्ण बंद असते. वल्हेकऱ्याचा ‘तुइलिक’ हा कातडी अंगरखा बैठकीच्या कड्याभोवती घट्ट बांधलेला असल्याने डेक पाण्याखाली गेले तरी नौकेत पाणी शिरत नाही. ‘व्हासा’ उघड्या झरोक्यांतून बुडाली, ‘कॅप्टन’ डेक लवकर पाण्याखाली गेल्याने उलटले. या दोन्ही धोक्यांवर कयाकमध्ये उपाय योजलेला आढळतो.

शरीर हा नौकेचा भाग

जहाजाच्या गणितात गुरुत्वमध्य एका ठिकाणी स्थिर मानला जातो. कयाकमध्ये माणसाचे वजन नौकेच्या कित्येक पट असते. सबब गुरुत्वमध्य माणसाबरोबर हलतो. मोठ्या जहाजासाठी तयार झालेला सिद्धान्त येथे अपुरा पडतो. आजही संगणकाने काढलेले कयाकचे स्थैर्यवक्र बहुधा वल्हेकरी ताठ व निश्चल बसला आहे असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात तसा वल्हेकरी लवकरच पाण्यात पडेल.

शिवाय जहाजाच्या बाबतीत उलटणे हा शेवट असतो, कयाकच्या बाबतीत तसे नाही. मोरेव्हियन मिशनशी संबंधित डेव्हिड क्रांट्स याने १७६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रीनलंडच्या इतिहासात उलटलेली कयाक बैठक न सोडता पुन्हा सरळ करण्याचे दहा प्रकार नोंदविले आहेत. त्यांत वल्हे हातून निसटले, किंवा ते दोरीत अडकले, तर काय करावे यांचाही समावेश आहे. बुटके मागील डेक, गुडघ्यांना मिळणारी पकड आणि अंगाला घट्ट बसणारी बैठक ही या क्रियेसाठीच उपयुक्त आहेत. म्हणजे तळाचा आकार, अंगरखा, वल्हे आणि शिकवलेले शरीर ही सर्व मिळून एक स्थैर्यव्यवस्था होती. त्यांपैकी एकच घटक वेगळा काढून कयाकला ‘अस्थिर’ म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे योग्य नाही. ग्रीनलंडमध्ये कयाकवरील अपघात हे शिकाऱ्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण होते आणि कर्त्या पुरुषाच्या मृत्यूने संपूर्ण कुटुंब उघड्यावर पडे. कौशल्य न साधलेले तरुण, थंड पाणी, जखमी सील यांपुढे उत्तम तळही निरुपयोगी ठरे. १८८८ साली ग्रीनलंड ओलांडून गेलेल्या फ्रिट्यॉफ नान्सेनने तेथील हिवाळ्यात कयाक शिकून १८९१ च्या आपल्या पुस्तकात या नौकेची स्तुती केली. पण उलटल्यावर सावरता न येणारा माणूस पुरा कयाकपटू नव्हे, असेही त्याने बजावले. ही कला आत्मसात केलेला इंग्रज संशोधक जिनो वॉटकिन्स ऑगस्ट १९३२ मध्ये एकट्याने शिकारीस गेला असता पूर्व ग्रीनलंडमध्येच मरण पावला; त्याची कयाक सापडली, देह सापडला नाही.

दोन परंपरांची भेट

युरोपास कयाक अपरिचित नव्हती. इंग्लंडमधील हल येथील ट्रिनिटी हाउसमध्ये १६१३ साली समुद्रात हाती लागलेली एक कयाक आहे. अॅबरडीन विद्यापीठाच्या संग्रहातील कयाक अठराव्या शतकाच्या आरंभी तिच्या वल्हेकऱ्यासह त्या किनाऱ्यावर आली असे सांगितले जाते. परंतु या नौका नवलाईच्या वस्तू म्हणून टांगल्या गेल्या. बूगे व ऑयलर यांच्या शास्त्राने त्यांची दखल घेतली नाही.

या संदर्भात रशियन धर्मगुरू इव्हान व्हेनियामिनोव्ह याची साक्ष मोलाची आहे. अल्यूशन बेटांवर दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या या विद्वानाने १८४० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उनांगन लोकांची कयाक इतकी परिपूर्ण आहे की गणितज्ञासही तिच्या समुद्रयोग्यतेत फारशी भर घालता येणार नाही, अशा आशयाचे मत नोंदविले. हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो सेंट पीटर्सबर्गमध्ये. ऑयलरचा ग्रंथ जेथून प्रसिद्ध झाला होता त्याच नगरात. दोन्ही परंपरा एका नगरात छापील रूपाने आल्या, पण परस्परांशी बोलल्या नाहीत. दरम्यान रशियन फर-व्यापाऱ्यांनी याच उनांगन कयाकपटूंना समुद्री ऑटरच्या सक्तीच्या शिकारीस जुंपले होते. म्हणजे ज्ञानाची नोंद झाली नाही, तरी त्याचा वापर मात्र पुरेपूर करून घेण्यात आला.

विसाव्या शतकात मोटारबोटी आल्या आणि ग्रीनलंडच्या बहुतेक भागांतून शिकारीची कयाक नाहीशी होऊ लागली. १९५९ साली स्कॉटलंडमधील एका तरुण संशोधकाने पश्चिम ग्रीनलंडच्या इग्द्लोर्सुइट गावातून एक कयाक स्वदेशी नेली. तिच्या आकारावरून ब्रिटनमध्ये पुढे काचतंतूच्या समुद्री कयाक तयार झाल्या. ग्रीनलंडमध्येही १९८०च्या दशकात कयाकमंडळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या स्पर्धांत उलटून सावरण्याचे तीसहून अधिक प्रकार करून दाखविले जातात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, स्थैर्य हा नौकेचा एकच गुण नाही. प्रारंभिक व अंतिम स्थैर्य हे वेगळे आहेत, आणि तळाच्या आकारात यांपैकी कशास प्राधान्य द्यावयाचे हे पाणी व प्रयोजन यांवरून ठरते. दुसरा असा की, लिखित स्वरूपात ज्ञान उपलब्ध असणे म्हणजे ते व्यवहारात उतरणे नव्हे. अॅटवुडचा निबंध छापलेला असूनही ‘कॅप्टन’ बांधले गेले. तर कयाकच्या तळामागील विचार कोठेही छापलेला नसून प्रत्येक पिढीच्या हातांनी पुन्हा घडविला. तिसरा असा की, अलिखित ज्ञानाची नाजूकताही लक्षात घेतली पाहिजे. ग्रंथ ७२ वर्षे दुर्लक्षित राहूनही पुन्हा उघडता येतो. कातडे शिवणाऱ्या स्त्रिया आणि कयाक बांधणारे वृद्ध गेले की ती शिकवण संग्रहालयातील सांगाड्यावरून पूर्णपणे परत मिळत नाही.

म्हणूनच विज्ञानाच्या इतिहासाच्या अध्यापनात बूगेच्या मेटासेंटरबरोबर कयाकच्या तळाचाही समावेश व्हावा, असे वाटते. उत्तरेकडील समाजांचा गौरव हा त्यामागील हेतू नाही. स्थैर्याचा प्रश्न पूर्णपणे समजावून घ्यावयाचा असेल, तर नौकेच्या आत बसलेल्या माणसाचाही विचार करावा लागतो, आणि तो विचार कयाक बांधणाऱ्यांनी जितका केला तितका अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय नौकाशास्त्राने केलेला नव्हता.